बाबांचा लेथचा गाळा राहता करायचाय, बजेट साडेसहा लाख. सल्ला हवा

भांडुपचा_लेथवाला

नमस्कार मंडळी. भांडुप गावठाणात आजोबांच्या जागेवर बाबांनी १९८७ साली बांधलेला लेथचा (लोखंड कातायच्या मशिनचा) गाळा आहे. २२ बाय १८, म्हणजे ३९६ फूट. तीन बाजूंना नऊ इंची विटांच्या भिंती, पुढे रोलिंग शटर, वर लोखंडी अँगलच्या कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे) आणि पत्रा. पुढचा अर्धा पत्रा लोखंडी, मागचा सिमेंटचा. कडेला उंची १० फूट, मध्ये साडेतेरा. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती चिकटलेल्या, मागे आमचंच चार फुटी बोळ.

करोनानंतर काम आटलं, दोन वर्षं शटर बंदच आहे. आम्ही पाच जण: आई-बाबा, मी, बायको आणि दुसरीतली मुलगी. भाड्याच्या वन रूम किचनमध्ये राहतोय. दर अकरा महिन्यांनी ब्रोकरला एक भाडं मोजायचं आणि टेम्पो बोलवायचा, याचा आता वीट आलाय.

कर्ज काढायचं नाही. एक फॅब्रिकेटर आला, म्हणाला, कैचीची खालची पट्टी कापतो आणि अख्खा पोटमाळा काढून देतो, जागा डबल. दुसरा इंटिरियरवाला, तो दारातूनच फॉल्स सीलिंग आणि व्हिट्रिफाइड लादीचं बोलायला लागला. मे अखेरीस राहायला जायचंय. सुरुवात कुठून करू?

ओव्हरसियर_काका

त्या फॅब्रिकेटरला परत बोलावू नका. कैचीची खालची पट्टी ही धनुष्याची दोरी समजा. दोरी तोडली की दोन्ही टोकं बाहेर फाकतात, आणि तुमच्या गाळ्यात ती टोकं विटांच्या भिंतींवर टेकलेली आहेत. पहिल्या वाऱ्या-पावसात काही दिसणार नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी भिंतीच्या माथ्याला आडवी चीर दिसेल.

पट्टी १० फुटांवर आहे, म्हणजे सात फुटांवर पोटमाळा टाकला तर वर तीन फूट उरतात. तिथे गाद्या आणि गणपतीचं मखर राहील, माणसं नाहीत. न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांच्यावर तेवढा माळा करा, बाकी उंची मोकळी सोडा. राहत्या खोलीला पावणेतीन मीटर, म्हणजे नऊ फूट उंची हवी असं नॅशनल बिल्डिंग कोड सांगतो. तुमच्याकडे ती आयती आहे, घालवता कशाला?

आता कागदांचं. पालिकेच्या १८८८च्या कायद्यातलं कलम ३४२ साध्या डागडुजीला मोकळीक देतं. पण गाळ्याचं घर करणं ही डागडुजी नव्हे, तो वापरातला बदल आहे, आणि १९६६च्या नगररचना कायद्यात वापरातला बदलही ‘विकास’ या शब्दात मोडतो. परवानगी न घेता काम काढलंत आणि कोणी तक्रार केली, तर पालिकेच्याच कायद्यातल्या ३५४अ खाली काम थांबवायची नोटीस येते. तेव्हा शटर अर्धं उखडलेलं असतं आणि मिस्त्री दुसऱ्या साइटवर गेलेला असतो. प्रॉपर्टी कार्ड कोणाच्या नावावर आहे? आजोबांच्याच असेल तर आधी वारसांची नावं चढवा. मग परवानाधारक आर्किटेक्ट किंवा सर्व्हेअर गाठून वॉर्ड ऑफिसात अर्ज करा. त्याची फी बजेटमध्ये धरलीत का?

यात तुमचा फायदाही आहे. ५०० फुटांपर्यंतच्या घराला मुंबईत २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. गाळा म्हणून मात्र तुम्ही बिगरनिवासी दराने भरत असणार.

कुर्ल्याचा_फिटर

भावा, लादी लावायच्या आधी जमिनीकडे बघ. लेथखाली किती वर्षं तेल सांडलंय? कोबा काळा पडलाय ना?

माझ्या मामाने असाच गाळा केला होता. कॉस्टिक सोड्याने दोनदा धुतला, वरून चकाचक. लादी लावली आणि आठव्या महिन्यात मधली बारा-पंधरा पोकळ वाजायला लागली. वर्षभरात सुटली. तेल वरचं धुतलं जातं, मुरलेलं नाही. उन्हाळ्यात पत्रा तापला की ते पुन्हा वर येतं. सिमेंट तेलाला धरत नाही, एवढंच आहे ते.

काळा भाग तोडून काढ, स्वच्छ काँक्रीट किंवा माती लागेपर्यंत. सगळा गाळा तोडू नकोस, फुकट डेब्रिज वाढेल. लेथचं फाउंडेशन तर मुळीच फोडू नको, दोन दिवस ब्रेकर चालवशील. बोल्ट जमिनीलगत ग्राइंडरने काप आणि वरून भर टाक. बाबांनी पाया कसा घातलाय ते तुलाच माहीत असेल.

आणि लोखंडाचा बुरादा! पोरगी अनवाणी फिरणार आहे. जुन्या स्पीकरचा मॅग्नेट दोरीला बांध, त्यावर प्लास्टिकची पिशवी चढव आणि कोपरा न कोपरा फिरव. पिशवी उलटी केली की सगळा बुरादा पडतो. बादलीभर निघेल, पैज. राहिला तर नव्या लादीच्या सांध्यांतून गंजाचे डाग येतात.

कांजूरची_सून

सगळे लोखंडावरच बोलतायत म्हणून लिहिते. आईंना आणि बायकोला ओटा कुठे हवाय ते विचारलंत का?

आम्ही दिराचा सुतारकामाचा गाळा राहता केला तेव्हा ओटा पुढे घेतला आणि न्हाणीघर मागे. दोन बाजूंना दोन पाइप, दोन जाळ्या, दोनदा खोदकाम. वर गल्लीतल्या प्रत्येकाला आमच्याकडे आज काय फोडणीला पडलंय ते कळायचं. ओटा, मोरी आणि संडास एकाच भिंतीला घ्या, मागच्या बोळाकडे. पाणी एकाच बाजूने येईल आणि एकाच बाजूने जाईल.

पाण्याची टाकी कैचीवर टांगू देऊ नका. पाचशे लिटर म्हणजे अर्धा टन. न्हाणीघराच्या चारही भिंती विटांच्या उचला आणि टाकी त्यांच्यावर बसवा.

शटर ठेवायचा मोह होईल, मजबूत असतं म्हणून. काढा. सकाळी सहाला दूध घ्यायला शटर उचललं की अख्खी आळी जागी होते. आणि देव न करो, आत आग लागली नि शटर अडकलं तर पाच माणसं निघणार कुठून? मागच्या बोळात एक दार हवंच.

साधा_वाचक

साडेसहा लाखांत मुंबईत घर? इकडे पार्किंगची जागा येत नाही.

ओव्हरसियर_काका

साधा_वाचक, जागा त्यांची स्वतःची आहे. धागा वाचा.

सूनबाईंनी मागच्या बाजूचं सांगितलं ते योग्य. त्यात एक भर. ड्रेनेजचं चेंबर कुठे आहे ते टेप घेऊन आधी मोजा. चार इंची पाइपाला साधारण ४० फुटांमागे एक फूट उतार लागतो. चेंबर ३० फुटांवर असेल तर नऊ इंच तिथेच गेले. गावठाणातल्या गल्ल्या दर डांबरीकरणात वर चढतात आणि जुने गाळे खड्ड्यात राहतात. तुमचा उंबरठा गल्लीच्या वर आहे की खाली?

भांडुपचा_लेथवाला

मोजलं. उंबरठा गल्लीपेक्षा चार इंच खाली. चेंबर २६ फुटांवर. मॅग्नेटही फिरवला, बादली नाही पण एक मोठा डबा भरला. बाबा बघत बसले होते, म्हणाले, "पितळेचा बुरादा मॅग्नेटला लागत नाही, तो झाडूनच काढ." खरंच की.

प्रॉपर्टी कार्ड आजोबांच्याच नावावर आहे. आत्याला बोलावलंय.

ओव्हरसियर_काका

मग जमीन गल्लीच्या वर किमान आठ इंच घ्या, म्हणजे आतून फूटभर भर. तेलकट भाग तोडून झाला की रॅबिट (विटा-काँक्रीटचे तुकडे) आणि मुरूम नीट ठोकून घ्या, पाणी मारून. त्यावर जाड प्लास्टिक अंथरा, कडा भिंतीवर वळवा, मग तीन-चार इंच काँक्रीट. खालची ओल त्या प्लास्टिकखालीच राहते. तुमच्या ड्रेनेजच्या पाइपाला लागणारा २६ फुटांचा उतार म्हणजे आठ इंच, तोही या भरावात बसतो. कडेची उंची १० वरून नऊ होईल, नियमाला नेमकी पुरेल.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला तेव्हा आठ इंचांनी काही झालं नसतं. पण दर वर्षीच्या भरतीच्या पावसाला आठ इंच पुष्कळ असतात. स्विच आणि मीटर मात्र कंबरेच्या वर.

कुर्ल्याचा_फिटर

आता पत्रा. मागचा सिमेंटचा म्हणालास, तो जुना म्हणजे त्यात ॲस्बेस्टॉस धर. त्याला ड्रिल मारू नको, ग्राइंडर लावू नको, हातोड्याने फोडायला तर कोणालाच देऊ नको. धूळ छातीत बसते आणि वीस-तीस वर्षांनी उठते. पाण्याने भिजव, हुक कापून अख्खे पत्रे उतरव, पोरीला तेव्हा तिथे आणू नको.

दोन्हीकडे नवा कलर कोटेड पत्रा टाक. फिकट रंग घे, पांढरा मिळाला तर उत्तम. गडद निळा छान दिसतो आणि एप्रिलमध्ये भट्टी होते. बोल्ट पत्र्याच्या उंच घडीवर घ्यायचे, पन्हाळीत नाही. कामगार नेमका पन्हाळीत मारतो कारण तिथे हात टेकतो. वर उभा राहून घे. जोडाचं तोंड नैर्ऋत्येकडे नको, पाऊस तिकडूनच येतो.

छपराच्या कडेची पाणी वाहून नेणारी पन्हळ मोठी घे. ४०० फुटांच्या छपरावर तासाला २५ मिलिमीटर पडला तरी नऊशे लिटरच्या वर पाणी होतं. आणि मुंबईत तासाला २५ म्हणजे फार नाही.

पत्र्याखाली थर्माकोल नको, एक ठिणगी पुरते. फॉइलवाली शीट टाक, पत्रा आणि शीट यांच्यात बोटभर मोकळं सोडून. माथ्यावर एक टर्बो व्हेंटिलेटर. लाइट लागत नाही, वाऱ्यावर फिरतो, गरम हवा बाहेर ओढतो.

ओव्हरसियर_काका

फिटरसाहेबांशी सहमत. माझं एकच आग्रहाचं सांगणं: पहिला पावसाळा सीलिंग न करता काढा. गळती कुठे आहे ते उघड्या पत्र्याखाली पाच मिनिटांत दिसतं. वर जिप्सम असेल तर पाणी दुसऱ्याच कोपऱ्यात डाग पाडतं आणि तुम्ही चुकीचा बोल्ट आवळत बसता. पत्र्यावर पाऊस वाजेल, हे खरं. टीव्हीचा आवाज वाढवा. दिवाळीनंतर सीलिंग करा, तोवर थोडे पैसेही साठतील.

खिडक्यांचं क्षेत्रफळ जमिनीच्या एक षष्ठांश तरी हवं, म्हणजे तुम्हाला ६६ फूट. दोन बाजू बंद असल्यामुळे सगळं पुढून आणि मागून काढावं लागेल. शटरच्या जागी सिपोरेक्सची (सच्छिद्र काँक्रीटच्या ब्लॉकची) भिंत घ्या, वजनाला हलकी असते. त्यात दार आणि दोन रुंद खिडक्या. जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात सागाच्या चौकटी मिळतात. माप घेऊन जा आणि टाचणीने टोचून वाळवी बघा.

परळचा_वायरमन

लोखंडी कैच्या आणि लोखंडी पत्रा असलेल्या घरात एक वायर सोलली की अख्खं छप्पर करंट धरतं. जुनी वायरिंग पूर्ण काढा, एकही जुनी तार वाचवू नका. नवी वायर कैचीवर क्लिपा मारून नेऊ नका, पीव्हीसी पाइपातून न्या. नवं अर्थिंग घ्या, कैच्याही त्याला जोडा, आणि मेनला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइट तोडणारा स्विच. दिव्याला दीड चौरस मिलिमीटरची वायर, प्लगला अडीचची, गीझरला चारची. माल लोहार चाळीत एकदम घेतला तर फरक पडतो.

थ्री फेजचं कनेक्शन असेल ना? मंजूर लोड कमी करून घ्या आणि दर निवासी करून घ्या. नाहीतर पंखे-फ्रिज चालवाल आणि बिल कारखान्याचं भराल.

भांडुपचा_लेथवाला

सगळ्यांचे आभार. दर काढले. छप्पर फॉइलसकट ९५ हजार. जमीन तोडून भराव आणि काँक्रीट ८० हजार. न्हाणीघर, संडास आणि ड्रेनेज मिळून १ लाख १५. पुढची भिंत, दारं, खिडक्या ८५. वायरिंग ६०. भिंतींचं तेलकट प्लास्टर चार फुटांपर्यंत पाडून नवं, ते ५५. एकूण ४ लाख ९०. उरलेल्यात ओटा, आर्किटेक्टची फी आणि जे सुचलेलं नाही ते. लादी आत्ता नाही, कोब्यावरच राहू. सीलिंग दिवाळीला.

मे अखेरची तारीख सोडली. काकांनी कागदांचं लिहिल्यापासून झोप उडाली होती, म्हणून परवानगी हातात आल्यावरच शटरला हात लावणार. ११ जूनच्या, म्हणजे पावसाच्या आत छप्पर झालं नाही तर जुन्या पत्र्यावर ताडपत्री आणि आणखी एक अकरा महिने. बायको यावर काही बोलली नाही, म्हणजे तिला पटलंय किंवा राग आलाय.

आता एक राहिलं. लेथ. सहा फुटी बेड, चालू स्थितीत. भंगारवाला किलोवर मागतोय.

कुर्ल्याचा_फिटर

चालू लेथ किलोवर देतात का कोणी! साकीनाक्याला जुन्या मशिनी घेणारे आहेत. दोन-तीन जणांना बोलाव, त्यांच्यासमोर चालवून दाखव, बेड घासलेला नाही ते दाखव. चक आणि टूल पोस्ट वेगळं विकू नको. आणि बाबांना तिथे उभं कर, भाव तेच नीट करतील.

भांडुपचा_लेथवाला

बाबांनी केला. भंगारवाल्याच्या अडीचपट. पण वाइस (लोखंड धरायचा शिकंजा) आणि तो बसवलेलं सागाचं टेबल द्यायला तयार नाहीत. आई म्हणते, टेबल ओट्याशेजारी ठेवू, वाइस काढा. बाबा म्हणतात, नारळ सोलायला बरा पडेल. सध्या तिथे अडलंय.

शटर विकायचंय. दहा बाय नऊ, पट्ट्या चांगल्या, स्प्रिंग दोन वर्षांपूर्वी बदललेली. कोणाला हवं असेल तर सांगा.

कांजूरची_सून

आमच्या जावेला दुकानासाठी हवंय. मधलं लॉक आहे का साइडचं?