पाळ्या सिनिऑरिटीने लावाव्यात का? सभेत हात वर करायच्या आधी विचारतोय

तिसरी पाळी, लोटे

नमस्कार. मी लोटे-परशुराम एमआयडीसीत एका केमिकल प्लांटला ऑपरेटर आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. करार संपलाय, नव्या मागणीपत्रावर कमिटी बसते आहे आणि सात जणांच्या कमिटीत मी वयाने सगळ्यात लहान. पगारवाढ, कँटीन, बस यावर आमच्यात भांडण नाही. भांडण एकाच कलमावर आहे: पाळी सिनिऑरिटीने. यादी वरून वाचत यायची, ज्याचा नंबर आधी त्याने आधी पाळी निवडायची, उरेल ती खालच्यांना. दर सहा महिन्यांनी नवी निवड.

आज आमच्याकडे फिरती पाळी आहे. एक आठवडा सात ते तीन, पुढचा तीन ते अकरा, मग अकरा ते सात. अठ्ठावीस वर्षं झालेला असो की काल लागलेला, चक्र सगळ्यांना सारखं.

आमच्या सेक्शनला २७ ऑपरेटर, पाळीला नऊ. माझा नंबर १९. पहिले नऊ फर्स्ट घेणार, पुढचे नऊ सेकंड, आणि मी कायमचा थर्डला. माझ्या वरचे बरेच जण पंचेचाळीस-अठ्ठेचाळीसचे आहेत. ते रिटायर होऊन माझा नंबर सरकेपर्यंत दहा-बारा वर्षं जातील. मुलगी आज तिसरीत आहे. तिचं शाळेचं सगळं शिक्षण मी दिवसा झोपून काढणार.

माझं घर गुहागर रोडला, मार्गताम्हान्याच्या पुढे वाडीवर. कंपनीची बस बहादूरशेख नाक्यापर्यंत. तिथून पुढे सेकंड सुटल्यावर एसटी नाही, बाईकच. पावसात त्या रस्त्याने रात्री बारा वाजता घरी जाणं काय असतं ते इकडच्यांना सांगायला नको. आवणाच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत सकाळी थर्ड सुटली की घरी जाऊन चिखलात उतरायचं आणि दुपारी दोन तास डोळा लागला तर लागला. हे आजही करतो, पण तीन आठवड्यांतून एकदा. दर आठवड्याला झेपणार नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती मला खोटी वाटत नाही. आमच्यात एक जण आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. वय ५६. साखर आहे, इन्शुलिन चालू आहे. पाळी बदलली की जेवणाच्या वेळा बदलतात आणि साखर कुठच्या कुठे जाते. रिअॅक्टरच्या अॅजिटेटरचा (आतला माल ढवळणाऱ्या यंत्राचा) आवाज बदलला की मीटरवर काही दिसायच्या आधी ओळखायचा, हे मला त्यांनी शिकवलं. २०२१ च्या २२ जुलैला चिपळूण बुडालं तेव्हा ते थर्डला होते. सकाळी रिलिव्हर आलाच नाही, येणार कुठून? त्यांच्या स्वतःच्या घरात पाणी माळ्याला लागलेलं, फोन बंद, बायको शेजाऱ्यांच्या गच्चीवर. हा माणूस बॅच थंड करून, सगळं सुरक्षित बंद करून दुसऱ्या दिवशी चिखल तुडवत घरी गेला. अशा माणसाला ‘तुम्ही अजून चार वर्षं रात्री जागा’ असं मी कोणत्या तोंडाने सांगू?

पण यादीचंच एक दुखणं आहे, आणि ते माझं आहे. मी २००९ ला याच गेटमधून आत आलो, ठेकेदाराकडे. त्याच रिअॅक्टरवर, त्याच पाळ्यांत. कायम झालो २०१६ ला. यादीत माझी तारीख २०१६. मध्ये २०१४ ला जे थेट कायम लागले, त्यांतल्या तिघांना मी काम शिकवलंय. ते तिघे यादीत माझ्या वर आहेत. ठेक्याची ती सात वर्षं धरली तर माझा नंबर १९ चा १२ होतो. आमच्या प्लांटला असे अकरा जण आहेत. सेवाज्येष्ठता मोजायची असेल तर सेवा मोजा ना. आम्ही ती सात वर्षं काय गेटवर उभे होतो?

सभा रविवारी आहे. विचारायचं असं: सिनिऑरिटीने पाळी कुठे चालू आहे का आणि कशी चालते? कायदा काय म्हणतो? आणि ठेक्याची वर्षं धरून घेता येतात का?

निवृत्त शिफ्ट इन-चार्ज, रोहा

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट राहून गेली, ती आधी बोलतो. वरचे अठरा जण दिवसा आणि संध्याकाळी गेले तर रात्री प्लांटवर कोण उरणार? खालचे नऊ. म्हणजे तुम्हाला सोडलं तर बाकी सगळे दोन-चार-पाच वर्षांचे. रात्री मॅनेजर नसतो, मेंटेनन्सची पूर्ण टीम नसते, लॅबला एकच माणूस. जे काही करायचं ते पाळीतल्या माणसांनीच.

भोपाळची वायुगळती २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्रीची. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडचा अपघात २८ मार्च १९७९ च्या पहाटे चारच्या सुमाराचा. चेर्नोबिल २६ एप्रिल १९८६, रात्री दीड वाजायच्या आत. चेर्नोबिलला जी चाचणी चालू होती ती दिवसपाळीने करायची ठरली होती. वीज हवी म्हणून ती पुढे ढकलली गेली आणि ज्या रात्रपाळीची तयारी झाली नव्हती तिच्या हातात पडली. या तिन्ही ठिकाणी बाकीही चुका होत्या, मशीनच्या होत्या, वरच्यांच्या होत्या. पण पहाटे तीन वाजता माणसाचं डोकं कसं चालतं हे मी तेहतीस वर्षं पाहिलंय. त्या वेळी शेजारी एक जुना माणूस लागतोच.

मी इन-चार्ज असताना तोंडी नियम केला होता. प्रत्येक थर्डला पंधरा वर्षांवरचे निदान दोघे. ते दोघे कोण, ते त्यांनी आपापसात ठरवायचं. मॅनेजमेंटने कधी आडकाठी केली नाही, कारण त्यांचीही झोप त्यावर होती. तुमच्या मागणीपत्रात हे लेखी घाला. पसंती द्यायची तर द्या, पण रात्र रिकामी करून देऊ नका.

अण्णांसारख्यांसाठी मात्र वेगळं कलम हवं. साखर, हृदय, फिट्स असतील तर कंपनीच्या डॉक्टरच्या दाखल्यावर थर्ड बंद. याला वयाची अटच नको. चाळिशीतल्या माणसालाही साखर होते.

कामगार कोर्ट, रत्नागिरी

कायद्यापुरतं सांगतो.

पसंतीची पाळी हा कामगाराचा कायदेशीर हक्क नाही. आदर्श स्थायी आदेशांत (कारखान्यातल्या नोकरीच्या नियमांचा सरकारी नमुना) तर उलटंच आहे, की एकाहून जास्त पाळ्या असतील तर कामगाराला एका पाळीतून दुसरीत बदलता येतं. सिनिऑरिटीला कायद्याने हात दिलाय तो कपातीच्या वेळी: त्या वर्गात शेवटी आला तो आधी जाणार. पाळीसाठी तसं काही नाही. पाळीचा हक्क मिळाला तर करारानेच मिळतो, म्हणून कलमातला एकेक शब्द मोलाचा.

स्थायी आदेशांबाहेर जाऊन पाळीची पद्धत मालकाला एकतर्फी बदलायची झाली तर २१ दिवसांची नोटीस लागते. औद्योगिक विवाद कायदा १९४७ मध्ये हे कलम ९-अ होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, तिच्यात ते कलम ४० आहे. पण बदल करारानेच होत असेल तर ही नोटीस लागत नाही. म्हणजे रविवारी हात वर झाले आणि करारावर सह्या झाल्या की नंतर ‘आम्हाला नोटीस दिली नाही’ म्हणता येणार नाही.

करार संपलाय म्हणून घाई करू नका. मुदत संपली तरी कोणी तो मोडायची नोटीस देऊन दोन महिने होईपर्यंत जुना करार बांधून ठेवतो. फिरतं चक्र जुन्या करारात असेल तर ते उद्या आपोआप जात नाही.

दुसरं, सही कुठे करता ते बघा. आपापसात केलेला करार सही करणाऱ्या पक्षांना लागू. समेट अधिकाऱ्यासमोर (मालक-कामगार वादात मध्यस्थी करणारा सरकारी अधिकारी) झालेला करार प्लांटमधल्या सगळ्यांना, उद्या लागणाऱ्या पोरांनाही. ज्यांना अजून मतच नाही त्यांच्या रात्री तुम्ही ठरवताय, हे लक्षात असू द्या.

ठेक्याची वर्षं: बढती, ग्रॅच्युइटी वगैरेसाठी ती मागायला गेलात तर लांबचं भांडण आहे. पण ‘फक्त पाळी निवडण्यापुरती ज्येष्ठता त्याच प्लांटमधल्या पहिल्या हजेरीपासून मोजावी’ एवढं एक वाक्य करारात घालायला मालकाचा एक रुपयाही जात नाही. अकराही जणांचे जुने गेटपास, पीएफच्या पावत्या, ईएसआयची कार्डं आत्ताच गोळा करा. ठेकेदार मध्ये बदलला असेल तर तारखांत खाडे दिसतील, ते हजेरीच्या नोंदींवरून भरून काढावे लागतील.

दाभोळखाडी, सध्या कॅनडा

मी मूळचा दाभोळचा. इकडे शहरातली बस चालवतो, २०१२ पासून. तुम्ही विचारताय तेच आमच्याकडे चालतं. वर्षातून काही वेळा साइन-अप असतो. सगळ्या ड्युट्या भिंतीवर लावतात, यादीतला पहिला ड्रायव्हर येऊन हवी ती उचलतो, मग दुसरा, मग तिसरा. माझा नंबर यायचा तोवर उरायच्या त्या फुटक्या ड्युट्या: सकाळी चार तास, मध्ये घरी न जाण्याएवढा वेळ, संध्याकाळी परत चार तास. शनिवार-रविवार कामाला आणि सुट्टी मंगळवार-बुधवार. सहा वर्षं माझ्या मुलाची एकही मॅच मी पाहिली नाही.

तरी या पद्धतीची एक गोष्ट मी मानतो. सुपरवायझरच्या मर्जीला तिथे जागा नाही. कोणाला चहा पाजून सकाळची ड्युटी मिळत नाही. नंबर सगळ्यांसमोर वाचला जातो. मी इथे आलो तेव्हा माझा रंग, माझं इंग्रजी, माझं गाव यांतलं काहीच त्या यादीला दिसत नव्हतं, फक्त तारीख दिसत होती. तारखेने मला उशिरा दिलं, पण दिलं. आज मी सकाळी पाचला निघतो आणि दुपारी दोनला घरी असतो.

अमेरिकेतली एक जुनी केस तुमच्या कामाची आहे. हार्डिसन नावाचा माणूस कॅन्सस सिटीत एका विमान कंपनीच्या स्टोअरला होता. त्याच्या धर्मात शनिवारी काम वर्ज्य. जुन्या इमारतीत त्याची सिनिऑरिटी बऱ्यापैकी होती, म्हणून शनिवार सुट्टी मिळायची. मग तो दुसऱ्या इमारतीत बदली घेऊन गेला. तिथे यादी वेगळी होती, आणि तो एकदम शेवटून दुसरा झाला. शनिवार गेला, नोकरीही गेली. १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, त्याच्यासाठी कंपनीने सिनिऑरिटीची यादी मोडायची गरज नाही. तेव्हा यादी प्लांटची की सेक्शनची, आणि सेक्शन बदलला तर नंबर बरोबर येतो का, हे आधी लिहून घ्या. नाहीतर एखाद्याला नकोसा करायचा असेल तर त्याचा सेक्शन बदलला की काम झालं.

वॉर्ड नंबर चार, कुडाळ

मी स्टाफ नर्स, बावीस वर्षं तीन पाळ्या. युनियनचं मला फार कळत नाही, पण रात्रीचं कळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००७ मध्ये आणि परत २०१९ मध्ये रात्रपाळीला बहुधा कर्करोगाला कारण ठरणाऱ्या गोष्टींत धरलंय. त्यामुळे भाऊ, ‘कायमची थर्ड’ कोणाच्याच वाट्याला घालू नका, मग तो यादीत कितीही खाली असो. भत्ता वाढवून मिळाला तरी नको.

आणि यादीने पाळी लावलीत तरी आपसातली अदलाबदल बंद करू नका. आमच्या वॉर्डला गणपतीत ख्रिश्चन मैत्रिणी आमच्या रात्री घेतात, नाताळात आम्ही त्यांच्या. शिमग्याला पालखी ज्याच्या दारात येणार त्याला सकाळ मोकळी. वहीत दोघींच्या सह्या, सिस्टरची सही, संपलं. तुमच्याकडे ऑफिसने हे ताब्यात घेतलं की कलम कितीही चांगलं असलं तरी सणाला माणूस गेटच्या आत.

तिसरी पाळी, लोटे

सगळ्यांचे मनापासून आभार. काल थर्डला अण्णांच्या समोर बसून हे सगळं वाचून दाखवलं. तीन वाजता चहा घेतो तेव्हा.

रोह्याच्या काकांचं रात्री प्लांट रिकामं करू नका हे वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, “मी थर्ड सोडतो ते साखरेमुळे, मी मोठा आहे म्हणून नाही. तसंच लिही.” त्यांच्या बरोबरीचे बाकीचे असं म्हणतील का, सांगता येत नाही. दोघा-तिघांनी घरी सांगूनही टाकलंय की आता फर्स्टच.

कमिटीपुढे मी मांडणार ते असं. फिरतं चक्र ठेवायचं. डॉक्टरच्या दाखल्यावर थर्ड माफ, वय कितीही असो. पंचावन्नच्या पुढे थर्ड महिन्यातून चार रात्रींवर नको. यामुळे ज्या रात्री वाढतील त्या उरलेल्या सगळ्यांत समान वाटायच्या, माझ्याही वाट्याला येतील, त्या मी घेतो. प्रत्येक थर्डला पंधरा वर्षांवरचे दोघे. पसंती फक्त सणाच्या आणि आवणाच्या आठवड्यांसाठी, आणि तिथे यादी चालेल, पण यादी पहिल्या हजेरीपासून. अदलाबदलीची वही सेक्शनलाच राहील. सेक्शन बदलला तरी तारीख बरोबर जाईल.

अकरा जणांपैकी आठ जणांचे गेटपास मिळाले. माझा २००९ चा आईने देव्हाऱ्याखालच्या डब्यात ठेवला होता, फोटो पुसट झालाय पण तारीख वाचता येते. उरलेल्या तिघांपैकी एकाचं घर २०२१ च्या पुरात होतं, त्याच्याकडे एकही कागद नाही. ठेकेदाराच्या जुन्या हजेरीपत्रकासाठी उद्या टाइम ऑफिसला अर्ज देतोय. रत्नागिरीच्या साहेबांना विचारायचं होतं, हजेरीपत्रक मिळालं नाही तर सोबत काम केलेल्यांची प्रतिज्ञापत्रं चालतील का? चालत असतील तर पहिली सही अण्णा करणार आहेत.