‘बांगडी वाढली’ : वाढणे, वाढवणे आणि फोडणे

विचारणा

लग्नाला सहा महिने झाले. परवा पाणी भरताना हातातली काचेची बांगडी नळाच्या तोटीवर आपटली आणि टचकन दोन तुकडे झाले. ‘आई, बांगडी फुटली!’ असं मी तिथूनच ओरडले. सासूबाई पोळ्या लाटत होत्या. लाटणं खाली ठेवून त्या लगबगीनं आल्या, आधी माझं मनगट उलटसुलट करून पाहिलं, कुठं काच घुसली नाही ना ते बघितलं आणि मग हळूच म्हणाल्या, ‘फुटली म्हणू नये गं. वाढली म्हणावं.’

माझ्या माहेरी ‘पिचली’ म्हणायचे. ‘वाढणे’ मला दोनच ठाऊक. झाड वाढतं आणि ताटात भात वाढतात. मोडलेली वस्तू वाढते कशी? हा अर्थ आला कुठून, आणि असं आणखी कशाकशाला म्हणतात?

उत्तर

सासूबाईंनी सांगितलेला प्रयोग मराठीत चांगला मुरलेला आहे. सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण नारळाचं. चटणीसाठी नारळ फोडायचा, देवापुढं वाढवायचा. भूमिपूजन असो, नाटकाचा मुहूर्त असो, ‘श्रीफळ वाढवून शुभारंभ’ हे शब्द ठरलेले. नारळ तोच, आपटायची रीत तीच, करवंटीचे तुकडेही तसेच होतात. क्रियापद बदललं की कामाची जात बदलते. मंगळसूत्राचा दोरा तुटला तर ‘मंगळसूत्र वाढलं’ म्हणतात आणि पटवेकऱ्याकडून पुन्हा ओवून घेतात. देवापुढची समई विझत नाही, ती शांत होते. दिवा मालवतात किंवा वाढवतात. हिंदीतही हेच आहे. तिथं दीया बढ़ाते हैं, संध्याकाळी दुकान बढ़ाते हैं, आणि चूड़ियाँ ‘ठंडी’ करतात.

यामागची समजूत लहानपणी सगळ्यांनी ऐकलेली असते. भरल्या घरात वाईट बोलू नये, वास्तू ‘तथास्तु’ म्हणत असते. म्हणून ‘मीठ संपलं’ न म्हणता ‘मीठ आणायला हवं’ म्हणायचं. म्हणूनच उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. कुणी चुकून ‘जातो’ म्हणालाच, तर आतून ‘येतो म्हण रे!’ अशी हाक येते. तमिळमध्ये ‘पोयिट्टु वरेन’, म्हणजे जाऊन येतो. कन्नड माणूसही निघताना ‘होगि बर्तीनि’ म्हणतो, त्याचाही अर्थ तोच. परतीचं वचन निघतानाच देऊन टाकायचं, ही गरज आपल्या एकट्याची नाही.

हे झालं शुभ चिंतणारं बोलणं. भीतीपोटी बदललेले शब्द वेगळे, आणि ते मला जास्त जिवंत वाटतात. रात्री सापाला साप म्हणायचं नाही. ‘जनावर’ म्हणायचं, ‘लांबडं’ म्हणायचं. साप चावला असंही म्हणायचं नाही, ‘पान लागलं’ म्हणायचं. नाव घेतलं तर तो ऐकतो आणि येतो, अशी धास्ती. सगळ्यांत मोठं उदाहरण देवीच्या रोगाचं. पोराच्या अंगावर फोड उठले की ‘देवी आल्या’ म्हणायचे. हे आदरार्थी बहुवचन नीट पाहा. ज्या रोगानं घरंच्या घरं ओस पाडली त्याला शिवी द्यायची सोय नव्हती, उलट पाहुणीसारखा मान द्यायचा. पुढं लस आली, तर तिलाही ‘देवी काढणं’ हेच नाव पडलं. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेनं हा रोग जगातून गेल्याचं जाहीर केलं. भाषेत मात्र ‘देवीचे वण’ अजून आहेत.

वेगळा मुद्दा

वरच्या उत्तरात ‘वाढवणे’ हा अशुभ टाळणारा शब्द म्हणून सोडून दिलाय, पण व्युत्पत्तीच्या अंगानं इतक्यात निकाल देऊ नये.

‘वाढणे’ हे संस्कृत ‘वृध्’, वर्धते, त्यावरून प्राकृत ‘वड्ढइ’ असं आलं, हे खरं. पण संस्कृतात दुसराही एक ‘वर्ध्’ आहे. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, त्याचा अर्थ ‘छेदनपूरणयोः’ असा दिला आहे, म्हणजे कापणे आणि भरणे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मुलाचं जातकर्म, म्हणजे जन्मावेळचा संस्कार, ‘नाभिवर्धना’च्या आधी करावं असं सांगितलंय. इथं नाभिवर्धन म्हणजे नाळ कापणं. लाकूड कापणारा तो ‘वर्धकि’, त्याचाच हिंदीत ‘बढ़ई’ झाला. मग नारळ वाढवणे, बांगडी वाढवणे यातला ‘वाढव’ हा त्या कापणाऱ्या धातूचा वंशज कशावरून नसेल? तसं असेल तर इथं काही लपवलेलंच नाही. शब्दाचा मूळ अर्थच ‘तोडणे’ होता, आपण तो विसरलो.

पुरवणी

विदर्भात सुतारकाम करणाऱ्यांना ‘वाढई’ म्हणतात, आडनावही आहे. वरच्या मुद्द्याला तेवढाच दुजोरा.

उत्तर

नाभिवर्धनाचं उदाहरण फार मोलाचं आहे. मी ते या शब्दाशी कधी जोडून पाहिलं नव्हतं, त्याबद्दल मनापासून आभार. तरीही माझं मत बदललेलं नाही.

नारळ आणि बांगडी यांच्यापुरता ‘छेदणे’ हा अर्थ बसतो. दिव्याचं काय करायचं? ज्योत कुणी कापत नाही. दुकान बढ़ाते हैं तेव्हा फक्त फळ्या लागतात, काही तुटत नाही. या सगळ्या प्रयोगांना एका सुतात ओवणारी गोष्ट कापणं नाही, ‘संपणं’ आहे. आणि संपण्याच्या नेमक्या उलट अर्थाचा शब्द तिथं बसवलाय. तो जुना ‘वर्ध्’ कानाकोपऱ्यात मदतीला आला असेल, दोन प्रवाह मिळालेही असतील. पण सासूबाई सुनेला ‘वाढली म्हण’ सांगतात तेव्हा त्यांच्या मनात धातुपाठ नसतो. एक गेली तर चार येऊ देत, हे असतं. शब्दाचा अर्थ त्याच्या कुळात असतो तितकाच तो उच्चारणाऱ्याच्या मनातही असतो, आणि रूढीच्या शब्दांत दुसरा भाग जड भरतो.

‘बांगड्या भरणे’ हा प्रयोगही याच जातीचा. बांगड्या घालतात असं कासार म्हणणार नाही, त्या भरतात. ओटी भरतात, मळवट भरतात, चुडा भरतात. रिकामा हात हाच अपशकुन मानल्यामुळं क्रियापदंसुद्धा भरलेली निवडलीत. पुरुषाला हिणवताना ‘बांगड्या भर’ म्हणतात तेव्हा हाच शब्द काय होऊन बसतो, ते ज्यानं त्यानं आठवून पाहावं.

शंका

मग ‘गणपती गेले गावाला, चैन पडे ना आम्हाला’ याचं काय? तिथं सरळ ‘गेले’ म्हटलंय, आणि लहान पोरांपासून सगळे ते ओरडतात.

उत्तर

‘गावाला’ हा शब्द वाचा. गावाला गेलेलं माणूस परत येतं. शिवाय त्याच मिरवणुकीत ‘पुढच्या वर्षी लवकर या’ हे बोलावणं आहेच. मूर्ती ‘बुडवली’ असं मी एकाही घरात ऐकलेलं नाही. आधी उत्तरपूजा होते, मग मूर्ती जागेवरून किंचित ‘हलवतात’, मग विसर्जन. या हलवण्यालाच खरा निरोपाचा अर्थ आहे. ज्यांच्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो त्यांना विचारा. पाटावर मूर्ती बोटभर सरकते त्या क्षणी आरती म्हणणाऱ्यांचा आवाज बदलतो.

आणखी थोडं

वस्तू एकच, पण वाक्प्रचारात तिचं मोल उलटतं, अशीही उदाहरणं या निमित्तानं नोंदवून ठेवते. शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार होतो, पण नोकरीवरून काढलं की ‘त्याला नारळ दिला’. जुन्या रिवाजात पाहुण्याला निरोप देताना हातावर नारळ ठेवायचे, तो निरोपाचा धागा इथं उरलाय असं मला वाटतं. अक्षता म्हणजे न मोडलेले, अखंड तांदूळ, पण त्या वाटाण्याच्या झाल्या की नकार. तुळशीपत्र ठेवलं की त्या गोष्टीवरचा हक्क सोडला. सुपारी पूर्वी लग्नाची फुटायची, आता वर्तमानपत्रात ‘सुपारी दिली’ वाचलं की पोटात गोळा येतो.

उत्तर

मूळ विचारणेकडं परत येते, कारण एक गोष्ट राहिली आणि माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची तीच आहे.

नळावर आपटून बांगडी गेली तर ‘वाढली’. आता नवरा गेलेल्या बाईच्या हातातल्या बांगड्यांचं क्रियापद आठवा. मी लहानपणापासून ‘फोडल्या’ हेच ऐकत आले. कुंकू ‘पुसलं’. मंगळसूत्र ‘तोडलं’. जोडवी ‘काढली’. एरवी तुटलेल्या दोऱ्यालासुद्धा तुटला न म्हणणारी, मीठ संपल्याचं तोंडातून निघू न देणारी ही भाषा नेमकी या बाईपाशी सगळी उघडीवाघडी क्रियापदं वापरते. तिथं वास्तू तथास्तु म्हणेल ही भीती कुणाला वाटत नाही, कारण व्हायचं ते झालं असं धरून चालतात. अपशकुन टाळायचे शब्द आपण खूप घडवले, पण ते सगळे तिच्याभोवती उभे राहणाऱ्यांच्या रक्षणासाठी. तिच्यासाठी एकही ठेवला नाही.

पत्रावरच्या खुणा पाहा. मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेत ‘चि. सौ. कां.’, लग्नानंतर ‘सौ.’, नवरा गेला की ‘गं. भा.’. बाईच्या नावाआधीची दोन अक्षरं नवऱ्याच्या असण्या-नसण्याची वर्दी देतात. पुरुष पत्रिकेत ‘चि.’, लग्नानंतर ‘श्री.’, बायको गेल्यावरही ‘श्री.’च. तो स्वतः गेल्याशिवाय त्याच्या नावामागं ‘कै.’ लागत नाही. ‘गंगा भागीरथी’ हा शब्द कानाला पवित्र वाटतो. पण २०२३ च्या एप्रिलमध्ये ‘विधवा’ऐवजी सरकारी कामात ‘गं. भा.’ लिहावं असा प्रस्ताव राज्यात चर्चेला आला, तेव्हा त्यावर टीका झाली आणि मला ती पटली. नदीचं नाव दिलं तरी खूण तीच राहते.

त्याच्या आदल्या वर्षी, २०२२ च्या मे महिन्यात, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्यात काय काय बंद करायचं ते स्पष्ट सांगितलं होतं : कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हाच कित्ता गिरवायला सांगितलं. या ठरावाची भाषा मला फार महत्त्वाची वाटते. कुठंही शब्द मऊ केलेला नाही. जे करतात त्याला त्याच नावानं हाक मारली, म्हणून ते थांबवा असं म्हणता आलं.

माझ्या मावशीचं सांगते तुम्हाला. गेल्या पावसाळ्यात काका गेले. दहाव्या दिवशी बायका जमल्या. शेजारच्या आजी रीतीप्रमाणं पुढं झाल्या, तेवढ्यात काकांची थोरली बहीण, म्हणजे मावशीची नणंद, मध्ये बसली. पंच्याहत्तरीच्या आहेत, कधी सभेत गेल्या नाहीत की भाषण केलं नाही. त्यांनी मावशीचे दोन्ही हात आपल्या मांडीवर घेतले आणि म्हणाल्या, ‘माझ्या भावानं भरल्यात या. राहू द्या.’ आजी क्षणभर तशाच उभ्या राहिल्या, मग पदर सावरत मागं सरकल्या. दुसरं कुणी काही बोललं नाही. मावशीच्या हातात सहा सहा हिरव्या बांगड्या तशाच राहिल्या. पहिले काही दिवस ती लोकांसमोर पदरानं हात झाकून घ्यायची. मग तेही सुटलं.

दिवाळीच्या आधी मी तिच्याकडं फराळाच्या मदतीला गेले होते. कपाटावरचा डबा काढताना तिचा हात कडेला लागला, हिरव्या काचेचा तुकडा फरशीवर घरंगळत माझ्या पायाशी आला. मी वाकून उचलला आणि काय बोलावं ते मला सुचेना. मावशीनं मनगट निरखून पाहिलं, लागलं नव्हतं. डबा माझ्या हातात देत ती म्हणाली, ‘अगं, बांगडी वाढली. कासाराकडं जाऊन येऊ उद्या.’