मदत हवी आहे: पश्चिमेच्या खोलीसाठी तीन ऑफ-व्हाइटपैकी कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी. गाव अकोला जिल्ह्यात, पूर्णेच्या काठाकडचं. मधल्या खोलीला रंग द्यायचा आहे. खोली १२ × १४ फूट, उंची १० फूट, वर स्लॅब. खिडक्या दोन, दोन्ही पश्चिमेला, आणि बाहेर मोठा कडुनिंब. दार पूर्वेला आहे, पण ते ओसरीत उघडतं, म्हणून सकाळी उजेड कमीच. खाली शहाबादी फरशी, दार-चौकटी सागवानी. भिंतीवर जुना चुना, त्यावर पिस्ता डिस्टेंपर. रात्री ६५०० केल्विनचा एलईडी बल्ब असतो.

शेडकार्डावरून तीन ऑफ-व्हाइट निवडले: 'अ' पिवळसर झाकेचा, 'ब' किंचित गुलाबी, 'क' राखाडीकडे जाणारा. दुकानात तिन्ही जवळपास सारखे वाटले. घरी कार्ड भिंतीला लावलं तर 'ब' चक्क गुलाबी दिसतो आणि 'क' मळका. कोणता घेऊ? आणि किती लागेल?

प्रतिसाद १

ताई, पिस्ता भिंतीवर कार्ड धरून काहीच ठरवू नका. हिरव्याच्या शेजारी कोणताही फिका रंग गुलाबीकडे झुकलेला दिसतो. 'ब' गुलाबी वाटला तो त्यामुळे. तिन्ही कार्डं कोऱ्या पांढऱ्या कागदावर, एकेक करून ठेवा. झाक खरी किती आहे ते तिथे कळेल.

आता तुमची खोली. दिवसभर आत येणारा उजेड कडुनिंबातून गाळून येतो, म्हणजे त्याला हिरवट छटा असते. हिरवट उजेडात पिवळसर 'अ' लिंबाकडे सरकतो, आणि चारनंतर पश्चिमेचं तिरपं ऊन आलं की लोण्यासारखा पिवळा होतो. 'क'ची अडचण वेगळी. शहाबादी फरशी राखाडी, बल्ब निळसर पांढरा, सकाळी उजेड अपुरा. अशा खोलीत राखाडी झाक धुतलेली दिसत नाही, मळलेली दिसते. 'ब'मधली थोडी गुलाबी झाक मात्र कडुनिंबाचा हिरवेपणा खोडून काढते आणि भिंत साधी पांढरी वाटते. माझं मत 'ब'ला. सागवानी चौकटीशीही तो जुळतो, कारण भिंत आणि लाकूड दोन्ही पिवळे होत नाहीत.

तरी नमुना पाहिल्याशिवाय डबा घेऊ नका. लहान सॅम्पल मिळतं. २ × २ फुटांच्या हार्डबोर्डावर पांढरा प्रायमर, मग रंगाचे दोन हात, कडेपर्यंत. पांढरी किनार सोडली तर नजर फसते. ओला इमल्शन (पाण्यात मिसळणारा भिंतीचा रंग) पाहून घाबरू नका, तो वाळला की थोडा गडद होतो. पूर्ण वाळल्यावर बोर्ड खिडकीच्या समोरच्या भिंतीला, खिडकीच्या बाजूच्या भिंतीला आणि कोपऱ्यात उभा करा. सकाळी, दुपारी चारनंतर आणि रात्री बल्बखाली. कोपरा चुकवू नका. तिथे दोन भिंती एकमेकींवर रंग फेकतात, म्हणून झाक जास्त उमटते. पूर्ण खोली रंगल्यावर रंग कार्डापेक्षा गडदच वाटतो. दोन शेडमध्ये अडलात तर फिकी घ्या.

बल्बही बदलून पाहा. ४००० केल्विनच्या, म्हणजे कमी निळसर बल्बखाली हीच भिंत कमी थंड दिसेल, आणि बल्ब रंगापेक्षा स्वस्त पडतो.

प्रतिसाद २

ताई, शेड नंतर, आधी भिंत पाहा लागते. चुन्यावर डिस्टेंपर हाये, म्हणजे वरून कितीबी भारी इमल्शन मारलं तरी खालचा चुना सुटला का पोपडे निघतेत. भिंतीले चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यानं ओढून पाहा. पट्टीसंगं पांढरी भुकटी आली तर सारं खरडून प्लास्टरपर्यंत जा लागते. अर्धं खरडून वरून पुट्टी लावली का पुट्टीसकट पडते.

दुसरं, तुमचा भाग खारपाणपट्ट्यातला, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं. प्लास्टरमधी खारं पाणी वापरलं असन तर खालच्या दोन-तीन फुटांत लोणा, म्हणजे भिंतीतून फुटणारा पांढरा खार, निघते. ऑफ-व्हाइटवर तो लवकर नजरेत येते, पिवळट डाग पडतेत आन् रंग फुगते. लोणा पाण्यानं धुऊ नका, खार इरघळून परत भिंतीत जाते. कोरड्या ब्रशनं झाडा. आन् ओल कुठून येते ते आधी बंद करा. भिंतीबाहेर पाणी साचत असन तर पुट्टी काहीच करत नाही. रंगात पातळ करायले बोअरचं खारं पाणी टाकू नका, गोडं पाणी घ्या.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. चिकटपट्टी लावून पाहिली, भुकटी येते, म्हणजे खरडावंच लागणार. लोणा एका कोपऱ्यातच आहे. लहान मुलांचे हात लागतात म्हणून खालचे ३ फूट त्याच शेडचा ऑइलपेंट द्यावा का?

प्रतिसाद ३

ऑइलपेंट नको. पांढऱ्या आणि फिक्या शेडचा ऑइलपेंट कमी उजेडाच्या खोलीत हळूहळू पिवळा पडतो, वरचं इमल्शन तसंच राहतं. मग मधली रेघ दुरूनही दिसते. शिवाय ओल असलेल्या भिंतीवर ऑइलपेंट वाफ कोंडतो आणि फुगतो. पूर्ण भिंतीला धुता येईल असं, कमी चमकेचं इमल्शन द्या. जास्त चमकेचं घेतलंत तर पश्चिमेचं तिरपं ऊन पुट्टीचे सगळे उंचसखल भाग दाखवील.

किती लागेल: चार भिंती मिळून ५२ फूट × १० फूट, म्हणजे ५२० चौरस फूट. दार ३ × ७ आणि खिडक्या ४ × ४ धरल्या तर ५३ वजा, उरतात ४६७. पुट्टी केलेल्या भिंतीवर १ लिटरमध्ये दोन हातांचं साधारण १०० ते १२० चौरस फूट होतं. ४ लिटरचा एक डबा आणि १ लिटरचा एक घ्या. पुट्टी ३० ते ४० किलो, भिंत खरडल्यावर किती खडबडीत निघते त्यावर. स्लॅबच्या खालच्या बाजूला साधा पांढरा पुरेल, तो वेगळा धरा.

दोन्ही डबे एकाच वेळी, दुकानातल्या रंग मिसळायच्या एकाच मशीनवर, एकाच उत्पादनात काढून घ्या. ऑफ-व्हाइटमध्ये रंगद्रव्य थेंबांत पडतं. एखादा थेंब इकडचा तिकडे झाला तरी झाक बदलते, आणि नंतर आणलेला डबा तंतोतंत जुळेलच असं नाही. घरी दोन्ही डबे मोठ्या बादलीत एकत्र ढवळून मगच सुरुवात करा. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच घालायला लावा. जास्त पातळ केलं तर पट्टे दिसतात आणि तिसरा हात मारावा लागतो.

उन्हाळ्यात करणार असाल तर पश्चिमेची भिंत सकाळीच संपवा. तापलेल्या भिंतीवर रंग ब्रशखालीच वाळतो, जोड दिसतात. एक भिंत अर्धी सोडून जेवायला उठू देऊ नका, कोपऱ्यापर्यंत नेऊनच थांबवा.

झाकणावरच्या लेबलचा फोटो काढून ठेवा: शेडचा कोड, बेस (ज्यात रंगद्रव्य मिसळतात तो मूळ रंग), उत्पादनाचं नाव. वाटीभर रंग घट्ट झाकणाच्या बरणीत उरवा, खिळा काढल्याची जागा बुजवायला तोच कामी येतो.