सीमाभागातील मुलांनी आधी कोणत्या भाषेत गावे?

शहापूरकर (धागाकर्ता):
गणेशोत्सवातील सुगम गायनाच्या स्पर्धांत बेळगाव, खानापूर, निपाणीकडील मराठी घरांतली मुले अलीकडे सर्रास हिंदी किंवा इंग्रजी गाणी निवडतात. आवाज तयार असतो, सूरही पक्का असतो, पण शब्द कोठे तोडायचा हे ठाऊक नसल्याने श्वास नेमका शब्दाच्या मध्येच घेतला जातो. गाण्याचा पाया मातृभाषेतच घातला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. बोलताना आपण गिळून टाकतो तो शब्दाच्या शेवटचा अकार अभंग गाताना पूर्ण उच्चारावा लागतो, आणि चरणातील अक्षरांचे माप त्यावरच सांभाळले जाते. भजनाला बसणारे मूल हे आपसूक टिपते.

खानापूरचा श्रोता:
हा आग्रह आपल्याच जिल्ह्यात टिकत नाही. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ सालचा, बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीचा, आणि घरची भाषा कन्नड. त्यांची कबीर आदी संतांची हिंदी निर्गुणी भजने ऐकताना कोणाला त्यांची मातृभाषा आठवते? भीमसेन जोशी गदग भागातले, तेही कन्नडभाषक. त्यांच्या अभंगांशिवाय मराठी घरातील आषाढी सुनी वाटते. ख्यालाच्या, म्हणजे शास्त्रीय गायनातील, बंदिशी तर बहुतांशी ब्रजभाषेत आहेत, जी ना धारवाडची ना पुण्याची. गायकाची खरी भाषा स्वर हीच होय.

शहापूरकर:
उदाहरणे मान्य, निष्कर्ष अमान्य. कुमारजी कोवळ्या वयात मुंबईला देवधर मास्तरांकडे शिकायला गेले, मराठी त्यांच्या अंगवळणी पडली ती तिथल्या वास्तव्यात. पुढे क्षयरोगामुळे ते देवासला राहिले. गाणे बंद होते आणि अंथरुणावर पडल्यापडल्या माळव्यातील लोकगीते कानावर येत होती. ती भाषा त्यांनी अशी मुरवून घेतली. भीमसेनजींनी कन्नड दासरपदे (हरिदास संतांची भक्तिपदे) सोडली नाहीत, धारवाडचे गायक मल्लिकार्जुन मन्सूर यांनी वचने (शिवशरणांच्या कन्नड भक्तिरचना) सोडली नाहीत. मोबाइलवरून आठवडाभरात बसवलेल्या इंग्रजी गाण्याला ही थोर नावे आधार म्हणून कशी देता येतील?

चिकोडीची पालक:
आमच्या घरात दोन्ही भाषा नांदतात, म्हणून लिहिते. माझ्या मुलीला दासरपद शिकवताना बाईंनी पेटी बाजूला ठेवून पद आधी नुसते वाचून घेतले. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन वेगळे एकार आहेत, ओकाराचेही तसेच. मराठी वळणाची जीभ ते सगळे लांबवते, मग मात्रा वाढते आणि तालाशी ओढाताण सुरू होते. ते अंतर कानाला कळू लागल्यावर तिचे अभंगही अधिक स्वच्छ झाले, कारण आपण काय उच्चारतो आहोत याकडे तिचे प्रथमच लक्ष गेले. दुसरी भाषा शिस्तीने शिकवली तर मातृभाषेचेही भलेच होते. शिवाय इथे कन्नडला परकी म्हणणे मला पटत नाही. याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये मराठी संगीत नाटकाचा पाया घातला, तेव्हा कानडी चालींचा आधार घेतलाच होता.

शहापूरकर:
कन्नडला मी परकी मानत नाही आणि बाईंच्या पद्धतीबद्दल मनापासून आदर वाटतो. पण किती शिकवण्यांत पद आधी वाचून घेतात? जिथे तेवढा वेळ दिला जात नाही, तिथे मुलाला समजणाऱ्या भाषेतच गाऊ द्यावे. आयोजकांनी पहिली फेरी मातृभाषेतील गाण्याची ठेवावी, दुसरी मोकळी सोडावी.

निपाणीकर:
आयोजक बक्षिसे टाळ्यांकडे पाहून देतात, मुले त्यानुसार गाणी निवडतात. आधी परीक्षकांनी उच्चारांना वेगळे गुण ठेवावेत.

खानापूरचा श्रोता:
उच्चारांच्या गुणांना माझा पूर्ण पाठिंबा आहे, भाषा कोणतीही असो. पहिल्या फेरीच्या अटीला मात्र विरोध राहील. चिकोडीच्या ताईंच्या मुलीने त्या फेरीत अभंग गावा की दासरपद, हे आयोजकांनी कशाच्या आधारे ठरवायचे?