चर्चा : गडावरचा पारवा आणि सुटलेलं कबूतर

रानवाट : काल इथे कुणीतरी लिहिलं, "पारवा काय नि कबूतर काय, जात एकच. गडावर दाणे टाकले तर बिघडलं कुठे?" अहो, जात एकच आहे म्हणूनच बिघडतं! वेगळी असती तर जोड्या इतक्या सहज जमल्या नसत्या. कपारीतला अस्सल पारवा राखाडी, पंखावर दोन काळे पट्टे. हल्ली थव्यात चितकबरे, तांबूस, काळेकुट्ट दिसतात, ते ढाबळीतून, म्हणजे पाळीव कबुतरांच्या खुराड्यातून, सुटलेल्यांचं रक्त. स्कॉटलंडमध्ये २०२२ साली जनुकं तपासली, तर तिथल्या ऑर्कनी बेटांवरचे पारवे भटक्या कबुतरांत भरपूर मिसळलेले निघाले. आउटर हेब्रिडीज बेटांवरचे मात्र जवळपास शुद्ध. सह्याद्रीतही हे तपासायला हवं, आत्ताच.

ढाबळवाला : आला दोष आमच्यावर! आमच्याकडे आजोबांपासून गिरेबाज जातीची पाळीव कबुतरं आहेत, सांजेला शीळ घातली की परत ढाबळीत. आणि संकराचं एवढं भय कशाला? पाळीव कबुतरांच्या पंखावरची चौकडीची नक्षी आफ्रिकेतल्या वेगळ्याच जातीच्या कबुतराशी झालेल्या संकरातून आलेली आहे, २०१८ च्या संशोधनात सिद्ध झालंय.

रानवाट : ससाण्यानं पांगवलेले, शर्यतीत भरकटलेले, तेही परत येतात?

दादरकर : तुम्ही रंग बघत बसा. माझ्या आईचं फुफ्फुस गेलंय. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, खिडकीत कबुतरं बसतात का? जुलै २०२५ मध्ये मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करायची घोषणा झाली. दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री लावली, तर ६ ऑगस्टला लोकांनी ती फाडली. माणसापेक्षा कबूतर मोठं?

मुक्याजीवांसाठी : तुमच्या आईंबद्दल वाईट वाटतं, मनापासून. पण पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना दाण्याची सवय लावली, त्यांचं पाणी-दाणा एका दिवसात तोडायचं? माझे वडील रोज ज्वारी टाकायचे. ते पाप नव्हतं.

दादरकर : पाप म्हणालं कोण? मूठभर ज्वारी वेगळी आणि चौकात पोती रिकामी करणं वेगळं. आयतं मिळालं की बारमाही अंडी घालतात.

रानवाट : आणि तीच वाढलेली गर्दी गडावर पोचते! तिथेही आता पर्यटक दाणे टाकतात.

ढाबळवाला : बरं, पायात कडी घालून नोंद ठेवायला माझी ना नाही. हरवलेला कुणाचा ते तरी कळेल. पण आधी गडावरचे दाणे बंद करा, मग आमच्या ढाबळीत डोकवा.

मुक्याजीवांसाठी : गडावर नको, एवढं मान्य. चौकातल्याचं मान्य नाही.