डीडीबीमध्ये दर पडद्याला थांबणारा मजकूर : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीत फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टमच्या कर्नेलवर (गाभ्यावर) काम करतो. पॅनिक आल्यावर (कर्नेल कोलमडल्यावर) सीरियल केबलवरून डीडीबीत, म्हणजे कर्नेलमधल्याच डीबगरमध्ये, सगळ्या थ्रेडचे ट्रेस (फंक्शन कॉलची साखळी) काढताना दर पडद्याला ‘--मोअर--’ येऊन मजकूर थांबतो, आणि पावसाळ्यात इथली वीज कधी जाईल याचा नेम नसल्याने स्पेस दाबत बसणे जिवावर येते. एका वेळी किती ओळी दाखवायच्या ते ठरवणाऱ्या ‘लाइन्स’ या चलाला ४० दिले, तर ६४ ओळी सरकल्या; डीडीबी आकडे मुळात हेक्स (सोळा-आधारी) पद्धतीने वाचतो, हे तेव्हा ध्यानात आले. शून्य दिल्यास थांबणे बंद होते, पण रीबूटनंतर ते टिकत नाही. शून्य देण्याची आज्ञा पॅनिक येताच आपोआप चालणाऱ्या ‘केडीबी.एंटर.पॅनिक’ स्क्रिप्टमध्ये आधीच लिहून ठेवावी, की टेक्स्टडंप (डीडीबीचा मजकूर डिस्कवर साठवणे) घेणेच अधिक भरवशाचे? अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.