रोजच्या धबडग्यातला देव: तुमचे अनुभव सांगा

उंबरठा

गणपती, नवरात्र, दिवाळी यातला देव आपण सगळेच करतो. आरत्या पाठ असतात, नैवेद्याचं ताटही ठरलेलं असतं. मला विचारायचंय ते मधल्या कोरड्या दिवसांबद्दल. साधा मंगळवार आहे, डबा भरायचाय, सिलिंडर नेमका आत्ताच संपलाय, साडेआठची बस गाठायची आहे. अशा दिवशी तुमचं देवाशी काही बोलणं होतं का? होत असेल तर कसं?

चमत्कार, स्वप्नदृष्टांत आणि ‘आमच्या महाराजांकडे एकदा येऊन तर बघा’ हे कृपया टाळा. देव आहे की नाही यावर इथे पुष्कळ रणं माजून झाली आहेत, त्यामुळे तेही नको. कुठल्याही धर्माचं चालेल. शुद्धलेखन कोणी तपासणार नाही.

माझं थोडक्यात सांगते. आजोबा माळकरी, त्यामुळे दिवेलागणीला घरात हरिपाठ व्हायचाच. आम्ही पोरं शेवटच्या अभंगाची वाट बघत बसायचो, कारण त्यानंतर पानं घेतली जायची. आता मी बँकेत काउंटरवर असते. सकाळी शटर उघडायच्या आत रांग लागते, सिस्टीम चालू व्हायला वेळ घेते, काचेवर टकटक सुरू होते. तेवढ्या वेळात ‘देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी’ ही पहिली ओळ मनात म्हणून घेते. ज्ञानोबांनी क्षणभरच मागितलंय, तेवढं मला परवडतं. मग समोर पेन्शनचं पासबुक घेऊन आलेल्या आजोबांशी मान वर करून बोललं जातं. याहून मोठं काही घडलेलं नाही, आणि घडावं अशी माझी फारशी अपेक्षाही नाही.

लालपरीवाला

ताई, मी एसटीत ड्रायव्हर. आषाढीला आमच्या आगारातनं जादा गाड्या सुटतात, त्यात माझं नाव ठरलेलं. गावात लोक म्हणतात, तुझं काय बाबा, दरसाल पंढरपूर. खरं सांगायचं तर यात्रेत मला दर्शन होत नाही. तात्पुरत्या स्थानकावर गाडी लावायची, कंट्रोलरकडं नोंद करायची, कुठं तरी दोन घास खायचे, गाडी भरली की माघारी. दर्शनबारी तिकडं लांबच लांब गेलेली असते. तिच्यात उभं राहायचं तर रजा टाकावी लागंल, आणि यात्रेत ड्रायव्हरला रजा कोण देतंय.

सुरुवातीला फार लागायचं मनाला. मी आणून सोडलेली माणसं देवाला भेटून येणार आणि मी स्टॅण्डवर टायरला हवा बघत बसणार. मग एकदा केबिनमध्ये एक म्हातारे वारकरी बसले होते. त्यांनी देवाचा पलंग काढतात ते सांगितलं. आषाढीच्या आधी विठ्ठलाच्या शेजघरातला पलंग काढून ठेवतात. तेव्हापासून देवाला झोप नाही, रात्रंदिवस दर्शन चालू. उभं राहून दमतो म्हणून पाठीशी लोड देतात, रुक्मिणीमातेला तक्क्या. हे प्रक्षाळपूजेपर्यंत चालतं. त्या दिवशी गरम पाण्यानं आंघोळ, शिणवटा जायला काढा, आणि मग पलंग परत जागेवर.

मला हसूच आलं. म्हटलं, ह्याला पण डबल ड्युटी हाय की.

तेव्हापासनं रात्रीच्या खेपेला मी त्याच्याशी बोलतो. मोठ्यानं नाही, मागं प्रवासी असतात. “काय पांडुरंगा, तुला लोड तरी दिलाय, माझी सीट बघ.” (डोळा लागायला लागला तर गाडी बाजूला घेऊन चहा मारतो, हे देवावर सोडत नाही.) आता आषाढी संपली तरी हे बोलणं चालू असतं. मुक्कामी गाडी असली, गावात लाईट नसली, डास फोडून खात असले की त्यालाच सांगतो.

आणि परतीच्या खेपेला उतरताना एखादी आजी हमखास केबिनपाशी थांबती. पदराची गाठ सोडती, कपाळाला बुक्का लावती, हातावर चार चुरमुरे आणि एखादा बत्तासा ठेवती. पिवळं पातळ, पायाला भेगा, आवाज बसलेला. ती म्हणती, “तू आणलंस म्हणून झालं रं लेकरा.” बत्तासा मी लगेच खात नाही. डॅशबोर्डवर ठेवतो, आगारात गाडी लागली की मग.

उंबरठा

दादा, पलंगाचं मला माहीत होतं, पण ते असं कधी वाचलं नव्हतं. लिहीत राहा.

अभ्यासिकेतला

पुण्यात एमपीएससीची तयारी करतोय. मोबाईलवर नामजप मोजायचं ॲप घेतलं होतं. आकडा वाढला की बरं वाटायचं, कमी झाला की कटऑफ हुकल्यासारखं. शेवटी डिलीट केलं. मोजायला परीक्षेचे मार्क आहेतच. आता मेसला जाताना वाटेतल्या मारुतीला नुसता हात करतो, ओळखीच्या माणसाला करतो तसा. हे चालतं का?

निवृत्त मराठीबाई

चालतं रे बाळा. जेवून घे वेळेवर.

कृष्णाकाठ

ड्रायव्हरदादांचं वाचून लिहावंसं वाटलं. आमचं गाव शिरोळ तालुक्यात, नृसिंहवाडीच्या जवळच. इकडच्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी लिहिते. पावसाळ्यात कृष्णा-पंचगंगा फुगल्या की पाणी वाडीच्या दत्ताच्या देवळात शिरतं. उत्तरेच्या दारानं आत येतं, पादुकांवरून जातं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. त्या पाण्यात अंघोळ करायला लांबून लांबून माणसं येतात. पाण्याचं काही सांगता येत नाही, तासाभरात चढतं नाहीतर उतरतं, म्हणून लहानपणी आई आम्हांला मध्यरात्री उठवून न्यायची. गार पाणी, अंधार, पायाखाली शेवाळ आणि सगळीकडं ‘दिगंबरा दिगंबरा’. माझा देव म्हणजे तोच.

२०१९ च्या ऑगस्टात तेच पाणी आमच्या घरात आलं. आधी गोठा, मग सोपा, मग माजघर. म्हशी दावणीच्या सोडून माळावर नेल्या, आम्ही शाळेत छावणीला. पाणी उतरून घरी गेलो तर दार उघडेना, आतनं गाळ दाटलेला. ज्वारीची पोती कुजून त्याचा वास सगळ्या गल्लीत. देव्हारा पालथा. टाक शोधायला मी चिखलात कोपरापर्यंत हात घातले. खंडोबा सापडला, देवी सापडली, दत्ताची पितळी मूर्ती चुलीमागं निघाली. चिंच लावून घासायला बसले. तोंडानं काही म्हणत नव्हते, पण हात इतका जोरात चालला होता की सासूबाई म्हणाल्या, “अगं, नाक झिजंल त्याचं.”

झिजू दे, असंच वाटत होतं मला.

पुढच्या पावसाळ्यात बायका दक्षिणद्वाराला निघाल्या, मला बोलवायला आल्या, मी गेले नाही. २०२१ ला परत पाणी आलं, परत छावणी. तरी ह्या सगळ्यात देवपूजा सुटली नव्हती, फक्त अबोला होता. घरातल्या माणसाशी असतो तसा. ताट वाढायचं, बोलायचं नाही.

नंतर एका वर्षी वाडीला गेले. पाण्यात उतरले नाही, वर पायरीवरच उभी राहिले. पाणी चढत होतं आणि पुजारी उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या देवळात हलवायच्या गडबडीत होते. हे मी पोरगी असल्यापासून बघितलेलं. पण त्या दिवशी वाटलं, ह्याचं पण बिऱ्हाड दरवर्षी पाठीवरच हाय. आमच्यासारखंच, पाणी आलं की वर, उतरलं की खाली येऊन धुवायला लागायचं. मग बोलायला लागले त्याच्याशी. पहिलं वाक्य काय होतं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तर्कट

मी देव मानत नाही, धागालेखिकेची अटही वाचली आहे, तरी विचारतो. ताई, राग मानू नका. पूर आला तेव्हा देव कुठे होता, हा प्रश्न तुम्हाला पडला नाही का?

कृष्णाकाठ

राग कशाला. पडला की. पण भाऊ, पाऊस किती झाला, धरणातनं विसर्ग कधी केला, नदीपात्रात कुणी काय बांधलं, हे मला सगळं कळतं. त्याचा जाब मी सरकारला विचारते, पंचनाम्याला तलाठ्याशी भांडलेय पण. देवाला ते विचारून काय करू, त्याचंच देऊळ पाण्यात होतं.

निवृत्त मराठीबाई

कृष्णाकाठ, ते पहिलं वाक्य तुम्ही लिहिलं असतं तरी चाललं असतं. आमची जनाबाई काय म्हणते बघा: ‘अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या’. मी मूळची गंगाखेडकडची, जनाबाईचं गाव तेच, म्हणून ‘आमची’. शाळेत मुलांना ‘दळिता कांडिता’ शिकवायची आणि तास संपता संपता हळूच हा अभंग म्हणून दाखवायची. वर्ग खुदकन हसायचा. मुलांना वाटे, देवाला असं बोललेलं चालतं?

चालतं हे मला स्वतःला पुढे कामी आलं. यजमानांचं डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून तीनदा. त्या लाल खुर्च्यांवर बसून बायका पोथ्या वाचत, कोणी स्तोत्रं म्हणत. मला एक अक्षर म्हणता येईना. मी मनातल्या मनात भांडत बसे. “तू ये की इथे, घे टोचून सुई. पाणी मोजून पी. उन्हाळ्यात तहान लागली की बर्फाचा खडा चघळ.” यजमान विचारत, ओठ कसले हलतायत, जप चाललाय का? मी हो म्हणे.

ते गेल्यावर लोकांनी गीतेचा अध्याय वाचा, मन शांत होईल असं सांगितलं. वाचला, चांगलाच आहे. पण माझं भांडण अजून मिटलेलं नाही आणि ते मिटवायची मला घाईही नाही. रोज सकाळी चहा घेऊन बसते तेव्हा पहिला शब्द त्यालाच जातो, बहुधा कडू. ज्याच्याशी रोज भांडतो तो परका कसा असेल?

रात्रपाळी

वसईची आहे, कॅथलिक. आयसीयूत नर्स. आमच्याकडे संध्याकाळी घरात रोझरी होते, ऑक्टोबर महिन्यात तर चुकवायची सोयच नाही. ड्युटीवर हातात ग्लोव्हज असतात, जपमाळ धरता येत नाही, म्हणून बोटांवर करते. दहा बोटं, दहा ‘नमो मरिया’, बरोबर बसतं. मॉनिटरचा आवाज बदलला की मध्येच सुटते. पुन्हा पहिल्यापासून करत नाही, जिथे सुटली तिथून पुढे. मम्मीच्या मते हे बरोबर नाही.

मला सांगायचंय ते वेगळं आहे. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर माझी प्रार्थना कोरडी पडली. शब्द येत होते, मागे काही नव्हतं. फादरना सांगितलं, तर ते म्हणाले, तसं तर तसं, पण म्हणत राहा. मला राग आला होता, इतकं सोपं उत्तर कसं देतात म्हणून. मग त्यांनी मदर तेरेसांच्या पत्रांबद्दल सांगितलं. त्या गेल्यानंतर, २००७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यांना कित्येक वर्षं देव जवळ असल्याचं जाणवतच नव्हतं, आतमध्ये नुसता अंधार होता, असं त्या स्वतः लिहून गेल्या आहेत. आणि रोज पहाटे उठून प्रार्थना आणि मग दिवसभर ते काम. हे कळल्यावर मला आनंद बिनंद झाला नाही, पण लाज वाटायची ती थांबली.

अजूनही बऱ्याच रात्री कोरड्याच जातात. पेशंटची कूस बदलताना, पाठीला पावडर लावताना मात्र कधी कधी असं वाटतं की आपण दोघंच नाही इथे. ते टिकत नाही. दुसऱ्या बेडचा अलार्म वाजतो.

अलिबागची माहेरवाशीण

मी इस्रायलमध्ये असते. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, घरात अजून मराठी. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथसाठी (आमचा आठवड्याच्या विश्रांतीचा दिवस) आई काळ्या मनुका भिजवून, कुस्करून त्याचा रस काढायची, आमच्यात किद्दुशला, म्हणजे पेला हातात घेऊन म्हणायच्या प्रार्थनेला, तो चालतो. इथे दुकानात द्राक्षाच्या रसाच्या बाटल्या रांगेने असतात, तरी मी मनुकाच भिजवते. दुपारी त्या फुगलेल्या दिसल्या की कामाचा आठवडा संपत आल्याचं हातांना आधी कळतं. घराबाहेर पडताना चौकटीवरच्या मेझुझाला (आत धर्मवचनं असलेली लहान डबी) बोटं लावून ओठांना लावायची, एवढंच रोजचं. मुलगा घाईत विसरतो, मग जिन्यातून परत येतो. मी काही बोलत नाही. काही अडलं तर एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे आमच्या एलिया प्रेषिताचा, मलिदा बोलायचा: पोहे, गूळ, खोबरं, फळं. ते पोहे मात्र अलिबागहूनच मागवते, इथले गिळगिळीत होतात.

उंबरठा

इतकं येईल असं वाटलं नव्हतं. रात्रपाळी, कोरड्या दिवसांबद्दल आपल्याकडे कोणी फारसं लिहीत नाही, सगळ्यांना भरून आलेलंच सांगायचं असतं. तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. तर्कट, तुमचाही एक प्रतिसाद राहिलाय. न मानणाऱ्याचा मंगळवार कसा जातो?

तर्कट

मंगळवारचं माहीत नाही, गुरुवारचं सांगतो. आईला गुडघ्यांमुळे रिक्षात चढता येत नाही, म्हणून दत्ताच्या देवळात मीच नेतो. आत जात नाही. बाहेर कारमध्ये बसून ऑफिसच्या मेल बघतो, आतून आरतीचा आवाज येत असतो, तो आताशा त्रासदायक वाटत नाही एवढं कबूल करतो. याला नातं म्हणायचं असेल तर ते माझं आईशी आहे, तिचं पुढे कोणाशी असेल ते तिचं ती जाणे.

उतरताना ती दर वेळी विचारते, “तुझ्यासाठी काय मागू?” मी सांगतो, पार्किंग. दत्तजयंती सोडली तर आजवर मिळत आलंय.